बोरिस: आईवेगळ्या माकडपिल्लांच्या नोंदींसाठी हे मोफत सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

विजेच्या तारेचा झटका लागून किंवा गाडीखाली सापडून आई गेली की माकडाचं पिल्लू बचाव केंद्रात येतं. पहिल्या दिवशी ते ओरडून पिंजरा डोक्यावर घेतं. दोन दिवसांत आवाज थांबतो, पिल्लू कोपऱ्यात बसून राहतं आणि नोंदवहीत शेरा पडतो: ‘पिल्लू शांत झाले, रुळले.’ हा शेरा अनेकदा साफ चुकीचा असतो आणि त्याची किंमत पिल्लू मोजतं. ‘बोरिस’ हे सॉफ्टवेअर नीट मांडून घेतलं तर असा शेरा मारायला जागा उरत नाही. म्हणून मुंबईतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि बचाव केंद्रांतल्या कार्यकर्त्यांसाठी हे परीक्षण.

शांत होणं आणि सावरणं यांतला फरक नवा नाही. १९६७ साली चार्ल्स कॉफमन आणि लेनर्ड रोझेनब्लम या अमेरिकी संशोधकांनी पिगटेल जातीच्या चार पिल्लांच्या आया चार आठवड्यांसाठी गटातून बाहेर काढल्या. पिल्लं ओळखीच्या गटात, ओळखीच्या जागीच राहिली. पहिले २४ ते ३६ तास नुसत्या येरझाऱ्या, शोधाशोध, हाका. मग चारपैकी तीन पिल्लांनी अंग आक्रसून घेतलं. पाठ गोल, डोकं खाली मांड्यांत, खेळ बंद, आजूबाजूच्यांकडे लक्ष नाही. पाच-सहा दिवस हे टिकलं आणि मग हळूहळू सुटत गेलं. बसणं ताठ झालं, आसपासच्या वस्तूंमध्ये रस परत आला, खेळ त्यानंतर. बॉनेट माकडांच्या पिल्लांचं मात्र असं झालं नाही, कारण गटातल्या इतर माद्यांनी त्यांना जवळ केलं. बॉनेट म्हणजे डोक्यावर केसांचा भांग पडलेलं, लांब शेपटीचं, कान्हेरीला आणि घारापुरीला दिसणारं आपलं माकड. पण केंद्रातल्या पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या पिल्लाजवळ त्या माद्या नसतात. ‘बॉनेटची पिल्लं सोसतात’ हा दिलासा तिथे लागू होत नाही.

आता सॉफ्टवेअरकडे. इटलीतल्या तुरिन विद्यापीठातले ऑलिव्हिए फ्रियार आणि मार्को गाम्बा यांनी ते तयार केलं. त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०१६ सालचा. मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर व्हिडिओ चालू असताना किंवा समोर प्राणी पाहताना तुम्ही कळ दाबता आणि ते त्या वर्तनाची वेळ टिपतं. नोल्डस कंपनीचं ‘द ऑब्झर्व्हर’ हे सॉफ्टवेअर हेच काम अधिक गुळगुळीतपणे करतं, पण ते विकत घ्यावं लागतं. कॉलेजच्या प्रकल्पाला किंवा देणग्यांवर चालणाऱ्या केंद्राला ती चैन परवडणारी नाही, आणि या कामापुरतं बोरिसमध्ये काही अडतही नाही.

सगळी मेख वर्तनसूचीत, म्हणजे नोंदवायच्या वर्तनांच्या यादीत आहे. बोरिस दोन प्रकारची वर्तनं ओळखतं. ‘स्टेट’ म्हणजे ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, ‘पॉइंट’ म्हणजे जे एका क्षणात घडून जातं. हाक, किंचाळी, जांभई हे पॉइंट. चिकटून असणं, फिरणं, खेळणं, आक्रसून बसणं हे स्टेट. नवखे लोक आक्रसून बसणं पॉइंट म्हणून टाकतात, आणि इथेच अभ्यास वाया जातो. पिल्लू एकदा आक्रसून बसलं आणि ४० मिनिटं तसंच राहिलं, तर पॉइंटच्या हिशेबात ती नोंद होते १. त्याच तासात त्याने १२ हाका मारल्या असतील तर तक्त्यात हाकांचं पारडं जड दिसतं. स्टेट म्हणून टाकलं की तीच ४० मिनिटं तासाचा दोन तृतीयांश हिस्सा म्हणून समोर येतात.

व्याख्या अशी लिहावी की दोन अनोळखी माणसं ती वाचून एकच कळ दाबतील. ‘उदास बसणे’ ही व्याख्या नाही, तो आपला अंदाज झाला. आम्ही सुचवतो ती अशी: बूड टेकलेलं, पाठ गोल वाकलेली, हनुवटी छातीला टेकलेली किंवा डोकं मांड्यांमध्ये, जागा न बदलता किमान ५ सेकंद. पाचाच्या आत पिल्लू उठलं तर नोंद नाही. स्वतःलाच मिठी मारणं, अंगठा किंवा पायाचं बोट चोखणं, पुढे-मागे डुलणं ही वेगळी वर्तनं. त्यांना आक्रसण्यात मिसळू नये, कारण ती एकामागोमाग येतात आणि कोणतं आधी सुरू झालं यालाच अर्थ असतो. खेळाचे दोन भाग करा, वस्तूशी आणि सोबत्याशी. सावरण्याची चाहूल आधी वस्तूंकडे हात जाण्यात लागते. एकच ‘खेळ’ ठेवला तर ती दिसायला उशीर होतो.

‘चिकटणे’ या वर्तनाला ‘मॉडिफायर’ जोडता येतो, म्हणजे कळ दाबली की कोणाला चिकटलं ते विचारणारी यादी उघडते: आई, दुसरी मादी, दुसरं पिल्लू, कापड, माणूस. ही सोय बोरिसमधली सर्वांत मोलाची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली मांडलेल्या कामातून हे पक्कं झालं आहे की दूध तारेच्या बनावट आईकडे असलं तरी ऱ्हिसस माकडांची पिल्लं तासन् तास मऊ कापडाच्या आईलाच बिलगून राहतात. केंद्रात टॉवेल किंवा मऊ खेळणं ठेवण्यामागे तेच कारण आहे. पण सांभाळणारा माणूस सतत कडेवर घेत असेल तर मॉडिफायरच्या तक्त्यात ‘माणूस’ फुगतो आणि ‘दुसरं पिल्लू’ घसरतं. पुढे कळपात सोडायचं असलेल्या पिल्लासाठी ही धोक्याची घंटा आहे. एरवी ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण माणसाच्या कडेवरचं पिल्लू सगळ्यांना सुखी दिसतं.

‘दिसत नाही’ हे वर्तन यादीत हवंच. पिल्लू पेटीमागे गेलं, सांभाळणारा मध्ये आला, अंधार झाला की ती कळ. नंतर टक्केवारी काढताना हा वेळ एकूणातून वजा करायचा. ६० मिनिटांपैकी २० मिनिटं पिल्लू दिसलंच नाही आणि २० मिनिटं आक्रसून होतं, तर आक्रसण्याचा वाटा ५० टक्के, ३३ नव्हे. आम्ही हा हिशेब निर्यात केलेल्या फाइलवर स्प्रेडशीटमध्येच करणं पसंत करतो. आकडा कुठून आला ते तिथे डोळ्यांसमोर राहतं.

स्टेट वर्तन संपताना कळ पुन्हा दाबायची राहते, हा रोजचा घोळ. सुरुवात नोंदली, शेवट नाही, मग विश्लेषणाला गेलात की बोरिस जोडी जुळत नसल्याचं सांगून अडून बसतं. उपाय दोन. स्टेट वर्तनं तपासण्याची आणि उघड्या राहिलेल्या जोड्या बंद करण्याची सोय मेनूत आहे, पण बंद होण्याची वेळ खरी असेलच असं नाही, तेव्हा व्हिडिओ पुन्हा पाहून हाताने दुरुस्त करा. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे ‘एक्स्क्लूजन मॅट्रिक्स’. एकाच वेळी घडू न शकणारी वर्तनं तिथे एकमेकांसमोर खुणावून ठेवली की ‘फिरणे’ सुरू करताच ‘आक्रसून बसणे’ आपोआप बंद होतं. मात्र हाका या मॅट्रिक्समध्ये अडकवू नका. पिल्लू आक्रसूनही हाक मारतं.

आता कॅमेरा. बहुतेक केंद्रांत सीसीटीव्ही असतो आणि त्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, डिस्क वाचवण्यासाठी ‘मोशन’वर लावलेला असतो, म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग. या अभ्यासासाठी याहून वाईट सेटिंग नाही. पिल्लू निश्चल बसलं की रेकॉर्डिंग थांबतं, आणि ज्यासाठी कॅमेरा लावला तोच काळ फितीत राहत नाही. वर बोरिस एकामागे एक जोडलेल्या फाइली सलग धरतं, मधलं खिंडार त्याला कळत नाही. परिणाम असा की दिवसभर गोठून बसलेलं पिल्लू तक्त्यात दिवसभर हिंडणारं दिसतं. डीव्हीआर ‘कंटिन्युअस’वर आणा, जागा कमी पडली तर फ्रेमचा दर उतरवा. आक्रसणं टिपायला सेकंदाला १० फ्रेम पुरतात.

डीव्हीआरमधून निघणाऱ्या ‘डीएव्ही’ फाइली आधी एमपीफोरमध्ये बदलून घ्या. मोबाइलच्या व्हिडिओची अडचण निराळी. फोन फ्रेमचा दर कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे फ्रेमगणिक पुढे सरकताना वेळ घसरतो. बोरिसमध्येच एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या साधनाच्या मदतीने व्हिडिओ पुन्हा एन्कोड करण्याची आणि आकार कमी करण्याची सोय आहे. जुन्या लॅपटॉपवर एच.२६५ प्रकाराने साठवलेला व्हिडिओ अडखळतो, तिथेही हाच इलाज. रात्री फाइलींची यादी लावून द्यावी, सकाळी फाइली तयार असतात. दोन कॅमेरे असतील तर दोन प्लेअर शेजारी-शेजारी चालवता येतात आणि घड्याळांतला फरक सेकंदांत टाकून जुळवता येतो. जुळवण्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांत दिसेल असा एक दिवा लावणं-विझवणं पुरतं.

आवाजाचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, व्हिडिओसोबत उघडता येतो. दुरावलेल्या पिल्लाची ‘कू’ हाक सुरेल असते. आलेखात ती सलग, वळणदार पट्टी म्हणून उमटते, वर तिच्या पटीतल्या फिक्या पट्ट्या. किंचाळी पसरट, धुरकट डाग म्हणून. महामार्गाची घरघर खालच्या भागात राहते, त्यामुळे बोरिवलीसारख्या ठिकाणीही हाका वेगळ्या काढता येतात. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की मात्र सगळा आलेख भरून जातो. जून ते सप्टेंबर आवाजाच्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये. फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो, म्हणून हाकांची संख्या मोजा, जोर मोजू नका.

प्रत्येक निरीक्षणाला ‘इंडिपेंडंट व्हेरिएबल’, म्हणजे पिल्लाच्या स्थितीची माहिती देणारे जादा रकाने जोडता येतात. इथे निदान चार रकाने हवेत: दुरावून किती दिवस झाले, शेवटचं दूध देऊन किती वेळ झाला, वजन आणि शरीराचं तापमान. दुधाच्या वेळेआधीच्या हाका भुकेच्या असू शकतात, त्या वेगळ्या काढल्याशिवाय दुराव्याच्या हाका कळत नाहीत. तापमानाचं कारण त्याहून गंभीर. गारठलेलं, पाणी कमी झालेलं किंवा संसर्ग झालेलं पिल्लूही असंच आक्रसून बसतं. कॅमेऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, म्हणून पशुवैद्याची तपासणी आधी आणि वर्तनाचा अर्थ नंतर.

दोन निरीक्षकांचं जमतं का हे तपासायला बोरिस ‘कोहेन कॅपा’, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून काढलेला आकडा, काढून देतं. त्यासाठी वेळेचं एकक विचारतं. या कामाला १ सेकंद योग्य. नुसत्या ‘९० टक्के जुळलं’वर समाधान मानू नका. दोघांनीही ९० टक्के वेळ ‘आक्रसून’ आणि १० टक्के ‘इतर’ नोंदवला असेल, तर निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळणार (०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१). मग ९० टक्के जुळणीचा कॅपा येतो जेमतेम ०.४४. याचा अर्थ बदलाचे मोजके क्षण दोघांना वेगवेगळे दिसत आहेत. व्याख्या पुन्हा वाचा, दहा मिनिटांची तीच फीत दोघांनी पुन्हा करा, ०.८ च्या वर गेल्यावरच खरं काम सुरू करा.

मराठी वापरणाऱ्यांसाठी तीन सूचना. वर्तनाचं सविस्तर वर्णन देवनागरीत खुशाल लिहा, पण वर्तनाचा संकेत रोमन अक्षरांत ठेवा, कारण आलेख काढताना देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन येतात. कळफलक मराठीवर राहिला तर कळा लागू होत नाहीत, बसण्याआधी इंग्रजीवर आणा. आणि निर्यात करताना सीएसव्हीऐवजी एक्सएलएसएक्स निवडा, एक्सेलमध्ये मराठी मजकूर शाबूत राहतो. सॉफ्टवेअर आणि मार्गदर्शिका दोन्ही इंग्रजीत आहेत. मार्गदर्शिका सविस्तर आहे, पण नवख्याला तिच्यात वाट सापडायला वेळ लागतो. पडदाही गजबजलेला. सगळ्या खिडक्या एकदम उघडू नका, व्हिडिओ, वर्तनसूची आणि नोंदींचा तक्ता या तीन पुरतात. प्रकल्पाची फाइल आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेलं की व्हिडिओ सापडत नाही. आपोआप जतन होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते.

सराव कशावर करायचा? कॉलेजच्या प्रकल्पासाठी पिल्लाला आईपासून तोडणं हा विचारही नको. हार्लो आणि कॉफमन यांच्या प्रयोगांतून जे कळायचं ते कळलेलं आहे, त्याची किंमत त्या पिल्लांनी दिली आहे. सराव होतो तो मोकळ्या कळपात, जिथे आई चरायला थोडी दूर जाते आणि पिल्लू मागे राहतं. कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही जागा सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या हातातल्या पुड्या कळपाचं वागणं पार बदलून टाकतात, म्हणून मधल्या वारी सकाळी जावं. खायला काही देऊ नये, कळप आपल्याला टाळायला लागला की मागे सरावं. कान्हेरीच्या राष्ट्रीय उद्यानात अभ्यास म्हणून नोंदी घ्यायच्या तर वन विभागाची परवानगी आधी. काळतोंड्या वानरांवर मात्र सुरुवात करू नका. त्यांची तान्ही पिल्लं इतर माद्या सर्रास घेऊन फिरतात, त्यामुळे आईच्या कुशीत नसलेलं पिल्लू दुरावलेलं असेलच असं नाही.

या सरावात ब्रिटिश प्राणिवर्तनतज्ज्ञ रॉबर्ट हाइंड यांचा निर्देशांक काढून पाहण्यासारखा आहे. आई आणि पिल्लू यांतलं अंतर ६० सेंटिमीटरच्या आत आलं तर ‘जवळ’, बाहेर गेलं तर ‘दूर’, ही दोन पॉइंट वर्तनं. कोण हललं, आई की पिल्लू, तो मॉडिफायर. मग जवळ येण्यातला पिल्लाचा टक्का उणे दूर जाण्यातला पिल्लाचा टक्का. ४० वेळा जवळ येण्यात ३० वेळा पिल्लू (७५ टक्के), ४० वेळा दूर जाण्यात १६ वेळा पिल्लू (४० टक्के), तर निर्देशांक अधिक ३५, म्हणजे जवळीक टिकवण्याचा भार पिल्लावर आहे. हा हिशेब बोरिस आपणहून करत नाही, मोजण्या देतं, वजाबाकी आपली. हाइंड यांच्या ऱ्हिससच्या अभ्यासात ज्या पिल्लांचं आईशी आधीपासूनच ताणाचं होतं, त्यांना दुराव्याचा त्रास अधिक झाला. म्हणून पिल्लाला आईशी पुन्हा भेटवल्यावरही हा निर्देशांक काढावा, नुसतं ‘आईने घेतलं’ यावर फाइल मिटवू नये.

बोरिसचा खरा उपयोग आठवड्यांनंतर दिसतो. एकाच प्रकल्पात कितीही निरीक्षणं साठतात, दिवसाचा रकाना भरलेला असेल तर पिल्लाचा पहिला दिवस आणि साठावा दिवस एका तक्त्यात शेजारी ठेवता येतात. केंद्रांत सहसा पिल्लू दूध नीट घ्यायला लागलं की नोंदी बंद होतात. हाइंड आणि इव्हेट स्पेन्सर-बूथ यांनी १९७१ साली दाखवलं की काही दिवसांच्या दुराव्याचे परिणाम ५ महिन्यांनी, अगदी २ वर्षांनीही ओळखता येतात. अशी पिल्लं अनोळखी वस्तूजवळ जायला कचरतात. तेव्हा महिन्यातून एकदा पिंजऱ्यात एखादी नवी वस्तू ठेवून वीस मिनिटांची फीत घ्यावी, पहिला स्पर्श किती सेकंदांनी झाला ते पॉइंट म्हणून नोंदवावं, आणि हे पिल्लू कळपात सोडेपर्यंत चालू ठेवावं.